तेलाचा डबा आणि वहिनीचे बारा किलो

वहिनीनं परवानगी दिलीय म्हणून लिहितोय, नाव टाकायचं नाही एवढी एकच अट. मी परभणीत शाळेवर पीटीचा मास्तर. गळ्यात शिट्टी असली की लोक वजनाचं पण मलाच विचारतात, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटायचं की आपल्याला यातलं कळतं. या प्रकरणातली पहिली मोठी चूक माझीच आहे, ती पुढं येईल.

तर आधी वहिनीचे आकडे. वय ४४, उंची १५३ सेंमी, जानेवारी २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात वजन ८१.२ किलो, कंबर शिंप्याच्या टेपनं मोजली तर १०१ सेंमी. बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) काढला तर ३४.७. आपल्या लोकांसाठी २३ च्या पुढं वजन जास्त आणि २५ च्या पुढं लठ्ठपणा धरतात, बाहेरच्या देशातला ३० चा आकडा आपल्याला लावत नाहीत कारण आपल्याकडं कमी वजनातही चरबी पोटावर बसते आणि शुगर लवकर येते. बाईची कंबर ८० च्या आत पाहिजे म्हणतात. रक्त तपासलं तर एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) ६.२, म्हणजे शुगर झाली नव्हती पण उंबरठ्यावर उभी होती (५.७ ते ६.४ हा तो उंबरठा, ६.५ ला घरात). बीपी १३८/८८, हिमोग्लोबिन १०.१, उजवा गुडघा जिना उतरताना दुखायचा. थायरॉईड मात्र एकदम नॉर्मल आलं, आणि हे ऐकून वहिनी चक्क नाराज झाली, कारण पाच वर्षं ती सगळ्यांना थायरॉईडचंच वजन आहे म्हणून सांगत होती.

ह्याच्या आधीचं एक आहे ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात भिशीतल्या एका बाईनं तिला पावडर दिली होती. सकाळ-संध्याकाळ शेक आणि दुपारी एक भाकरी, बस. दीड महिन्यात ७९ वरून ७२ वर आली, गल्लीत सगळ्या बाया विचारायल्या काय करायलाव, दोन-तिघींनी तर पावडर घेतली पण. मग एकादशीच्या दिवशी गॅससमोर उभ्या उभ्या चक्कर येऊन पडली, पोळपाट अंगावर. दवाखान्यात डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी सांगितली कारण वजन असं झपाट्यानं उतरलं की पित्ताशयात खडे व्हायची शक्यता वाढते, नशिबानं तसं काही नव्हतं. पण दोन-तीन महिन्यांनी केस असे गळायला लागले की नहाणीची जाळी तुंबायची, आणि केस गळायला लागले तोवर पावडर बंद होऊन गेलेली, त्यामुळं कुणाला त्या दोन गोष्टींचा संबंधच लागला नाही. उपासमार झाली की केस लगेच नाही गळत, दोन-तीन महिन्यांनी गळतात, हे मला पण तेव्हाच कळलं. आणि जानेवारीपर्यंत वजन ७२ वरून ८१. जे सात गेले त्यात चरबीसोबत अंगातलं मांस पण गेलेलं, परत आले ते नऊच्या नऊ बहुतेक चरबीचे, म्हणजे पैसे देऊन तोटा.

आता माझी चूक. मी म्हणलं वहिनी, पावडर-बिवडर काही नाही, उद्यापासून ग्राउंडवर या. पहिल्याच दिवशी तीन राऊंड पळवलं. शाळेतल्या पोरांना पळवायची सवय, डोक्यातच आलं नाही की ८१ किलो वजन आहे, पायात सपाता आहेत आणि पंधरा वर्षांत ही बाई बसमागं सुद्धा पळालेली नाही. चौथ्या दिवशी गुडघा सुजून टम्म. तीन आठवडे घरात. दादा मला काही बोलला नाही पण आई बोलली, आणि जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही.

गुडघ्याच्या निमित्तानं सरकारी दवाखान्यात गेलो तिथं आहारतज्ज्ञ मॅडम भेटल्या, आणि प्रकरण खरं तिथून सुरू झालं. त्यांनी डायट चार्ट दिलाच नाही. म्हणल्या एक आठवडा काही बदलू नका, फक्त वहीत लिहा काय काय तोंडात गेलं, आणि घरातला तेलाचा डबा कधी फोडला आणि कधी संपला ते बघून सांगा. मला वाटलं डब्याचा काय संबंध.

वही पुतणीनं लिहिली. ती अकरावीला, नीटच्या क्लासला जाते, तिला कॅलरीचं गणित म्हणजे एमसीक्यू. आणि आठ दिवसांच्या त्या वहीनं घरातल्या सगळ्यांच्या समजुतीवर पाणी ओतलं. समजूत अशी होती की वहिनी भात खाते म्हणून जाड आहे. भात निघाला दिवसाला एक वाटी.

निघालं काय तर चहा. दिवसाला पाच कप, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे साधारण ५० ग्रॅम साखर, दोनशे कॅलरी, वरून खारी-टोस्ट वेगळं. साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास ठेवा म्हणतात, ही फक्त चहातच दुप्पट झाली. अन् ते पाच कप तिला पाहिजे असतात असंही नाही, आलेल्या-गेलेल्याला करायचा आणि सोबत आपण पण घ्यायचा, नाहीतर पाहुण्याला बरं वाटत नाही.

दुसरं उपास. सोमवार, गुरुवार, चतुर्थी आणि दोन एकादशा धरल्या तर महिन्यात अकरा दिवस. वहिनीचा ठाम विश्वास की उपासाच्या दिवशी आपण काहीच खात नाही. पुतणीनं काट्यावर मोजलं: शंभर ग्रॅम साबुदाणा म्हणजे साडेतीनशे कॅलरी आणि प्रोटीन जवळपास शून्य, त्यात चाळीस ग्रॅम दाण्याचं कूट म्हणजे सव्वादोनशे, वीस ग्रॅम तूप-तेल म्हणजे एकशे ऐंशी. झाले साडेसातशेच्या वर. ही फक्त खिचडी, संध्याकाळी भगर आणि दाण्याची आमटी राहिलीच, मधे दोन चिक्कू आणि वेफर्स. साध्या वारापेक्षा उपासाचा वार जड निघाला. आई म्हणली देवाच्या उपासाला काटा लावायलाव का, पण तिला पण आतून पटलं असावं कारण पुढं तिनंच भगरीत भोपळा किसून टाकायला सुरुवात केली.

तिसरं मला सगळ्यात लागलेलं. वहीत रोज रात्री साडेनऊ-दहाला एक नोंद होती, "उरलेलं". पुतण्यानं टाकलेली अर्धी भाकरी, पातेल्यातला दोन घास भात, तळाला राहिलेलं कोरड्यास. जेवण झालेलं असायचं, भूक नसायची, पण अन्न टाकायचं कसं. आपल्याकडं दुष्काळ बघितलेल्या घरात वाढलेली बाई आहे, तिला अन्न टाक म्हणणं म्हणजे शिवी. यावर मॅडमनी फार साधं काढलं, म्हणल्या टाकू नका, स्वयंपाकच मोजून करा आणि उरलं तर सकाळी फोडणीची भाकरी सगळ्यांनी खायची, एकट्या वहिनींनी नाही.

आणि चौथा तो डबा. घरात माणसं पाच, १५ किलोचा डबा ५५ दिवसांत संपला होता. भागाकार करा, माणशी रोज ५४ ग्रॅम तेल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं म्हणणं दिवसाला २० ते ३० ग्रॅम. म्हणजे घरातला प्रत्येक जण, आईपासून आठवीतल्या पोरापर्यंत, रोज पावणेपाचशे-पाचशे कॅलरी नुसत्या तेलाच्या खात होता. यात वाळवणं, धपाटे, सणाचं तळण, पाहुणे सगळं आलं हे मान्य. पण मुद्दा असा की वहिनीच्या ताटातली एक भाकरी कमी करून काय होणार होतं, जास्तीचं होतं ते कढईत होतं आणि कढई सगळ्या घराची. दादाची ढेरी, आईची शुगर, पोराचं गुबगुबीत होणं, सगळं त्याच डब्यातनं. वजन कमी करायचं म्हणून घरातल्या एका बाईला वेगळं बसवून दुधीचा रस पाजायचा आणि बाकीच्यांनी भजी खायची, हे आपण सगळेच करतो आणि मग म्हणतो हिच्यात निर्धारच नाही.

बदल केले ते आता सांगतो, फार नाहीत. ज्वारीची भाकरी तशीच ठेवली, ओट्स-बिट्स काही आणलं नाही. फक्त ताटाचा हिशोब उलटा केला. आधी तीन भाकरी आणि चमचाभर माळवं (भाजी) असायचं, आता अर्धं ताट माळवं आणि कोशिंबीर, पाव ताट भाकरी (दीड बसते), पाव ताट घट्ट डाळ नाहीतर उसळ. घट्ट हा शब्द महत्त्वाचा आहे कारण आमच्याकडं वरण म्हणजे पाणीच, डाळ बघायला चष्मा लागतो. आईच्या गळ्यात माळ आहे त्यामुळं घरात अंडी-मटण नाही, आणि वहीतलं प्रोटीन चाळीस ग्रॅमच्या आतच भरत होतं, मॅडमनी साठपर्यंत न्यायला सांगितलं कारण वजन उतरताना प्रोटीन कमी पडलं की मांस झडतं, पावडरच्या वेळी झालं तेच. मग मटकी, मूग, हरभरा, दही-ताक, आणि सोयाबीन. ही एक गंमत बघा, आख्ख्या मराठवाड्यात खरिपात जिकडं बघावं तिकडं सोयाबीन, दादा स्वतः चार एकर पेरतो, शंभर ग्रॅमला छत्तीस-चाळीस ग्रॅम प्रोटीन असलेलं धान्य, आणि घरात एक दाणा खात नाहीत, सगळं मोंढ्यावर. आता उकडून, वाळवून, भाजून ज्वारीसोबत दळतो, दहा किलोला एक किलो. कच्चं मात्र दळू नका, कच्च्या सोयाबीनमधे प्रोटीन पचू न देणारा घटक असतो, तो उष्णतेनं जातो.

चहा पाचाचे दोन, साखर दीड चमच्यावर. जेवणाला लागून चहा बंद, कारण चहानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही आणि हिमोग्लोबिन आधीच कमी. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या त्या वेगळ्या. उपास सोडले नाहीत, सोडायला सांगितलंही नाही, ती श्रद्धेची गोष्ट आहे. साबुदाण्याऐवजी भगर-भोपळा, राजगिरा, ताक, एखादं फळ, आणि कूट मोजून एक डाव.

तेलाचं असं की पुतणीनं डब्यावर मार्करनं तारीख टाकली आणि आठवड्याच्या हिशोबानं एका बरणीत तेल काढायचं ठरलं, रविवारी भरायची, पुढच्या रविवारपर्यंत पुरवायची. पहिल्याच आठवड्यात गुरुवारी बरणी रिकामी. भाऊजी आता काय पाण्यात फोडणी देऊ का, वहिनी म्हणली. दुसऱ्या आठवड्यात शुक्रवारपर्यंत पुरली.

व्यायामाचं बोलायचं तर ती एकच वाक्य धरून बसली होती, मी दिवसभर राबते मला कशाला व्यायाम. यात खोटं काही नाही, ती राबतेच. पण आईच्या काळचं जात्यावर दळणं, आडाचं पाणी शेंदणं, रानात खुरपायला जाणं गेलं, आता मिक्सर, मोटर आणि वॉशिंग मशीन. दमायला होतं पण दम लागत नाही, हा फरक. आठवड्याला किमान दीडशे मिनिटं असं चालायचं की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. मी म्हणलं वहिनी, ओव्या म्हणता आल्या तर वेग कमी आहे.

गुडघा बरा झाल्यावर सुरुवात पंधरा मिनिटांनी, सपाट रस्त्यावर, कृषी विद्यापीठाच्या बाजूला. बूट घेतले नऊशे रुपयांचे. साडीवर बूट घालायला तिला जी लाज वाटली ती चालण्यापेक्षा अवघड होती, पहिले आठ दिवस अंधारातच जाऊन यायची, गल्लीतल्या एकीनं विचारलं कुठं निघालाव ओ एवढ्या पहाटं, तर दूध आणायला म्हणून सांगितलं आणि मग खरंच दूध घेऊन आली. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत एप्रिलपर्यंत चाळीस मिनिटं झाली. आठवड्यातून तीन दिवस घरीच ताकदीचं: खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस दहा वेळा तीनदा, भिंतीला हात लावून दंड, टाचा वर करणं, पाच लिटरचा पाण्याचा कॅन दोन्ही हातांनी उचलून ठेवणं. उठ-बशीनं मांडी भरली आणि गुडघ्याचं दुखणं तिथंच निम्म्यावर आलं, वजन तर तेव्हा दोन-तीनच किलो उतरलं होतं.

एक प्रसंग मधेच सांगून टाकतो कारण तो सगळ्यात धोक्याचा होता, आणि तो वहिनीचा नाहीच. मार्चमधे घरात सगळे कमी खायला लागले म्हणून आईला पण जोर चढला, तिनं कुणाला न सांगता रात्रीचं जेवण सोडलं. आई एकाहत्तरची, शुगरची गोळी चालू. तिसऱ्या रात्री घामानं डबडबली, बोलताना अडखळायली. पुतणीनं मशीन लावलं तर ५८. सत्तरच्या खाली धोका. शुद्धीवर होती आणि गिळता येत होतं म्हणून लगेच तीन चमचे साखर पाण्यात कालवून पाजली, पंधरा मिनिटांनी परत मोजलं तर ८९, मग अर्धी भाकरी-दूध. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गोळीचा डोस बदलला. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यानं जेवण कमी करायच्या आधी डॉक्टरला विचारायचं, आम्ही ते वहिनीपुरतं बघितलं आणि आईला विसरलो.

वजन असं गेलं: फेब्रुवारीच्या शेवटी ७९.६, एप्रिलच्या शेवटी ७६.९, मेच्या मध्याला ७५.८, आणि तिथं अडकलं. पाच आठवडे काटा हलेना. उन्हाळा, लग्नसराई, माहेरचे पाहुणे, आमरस. माळवं महाग आणि सुकलेलं. पाच वाजता निघून सहाच्या आत घरी यायचं, नंतर बाहेर पाय टाकवत नाही. वहिनी रडली एक दिवस, म्हणली पावडरनं निदान उतरत तरी होतं. मी म्हणलं अजून एक भाकरी कमी करू, तर मॅडमनी मला झापलं. म्हणल्या कंबर मोजा. कंबर त्याच पाच आठवड्यांत ९६ वरून ९४.५ झाली होती. खाणं कमी करायचं नाही, वही परत आठ दिवस लिहा. लिहिली, तर सापडलं की चहाची साखर गेली त्याच्या जागी येता-जाता मूठभर शेंगदाणे आलेत. शेंगदाणा चांगलाच आहे पण तीस ग्रॅमची मूठ म्हणजे एकशे सत्तर कॅलरी, आणि मुठी रोज तीन. तिन्ही गेल्या नाहीत, एक राहिली. जूनच्या शेवटी काटा हलला.

गणितानं रोज पाचशे कॅलरीचा फरक पडला तर आठवड्याला अर्धा किलोच्या जवळ उतरायला पाहिजे, एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. आमचा सरासरी पाव किलोच उतरला. लोकांना हे हळू वाटतं. सुरुवातीला मलाही वाटायचं.

नवरात्र आलं ऑक्टोबरात तेव्हा वजन ७०.९. नऊ दिवस नुसत्या पाण्यावर काढणार होती, दरवर्षी काढते, यावेळी आईच म्हणली की उठता-बसता (पहिला आणि शेवटचा दिवस) कर, मधे काही खात जा, देवी काही काटा घेऊन बसली नाही. हे वाक्य आईच्या तोंडून ऐकून वहिनीनं माझ्याकडं असं बघितलं की बस.

जानेवारी २०२५ ला सगळ्या तपासण्या परत केल्या. वजन ६९.३, कंबर ८९, एचबीए१सी ५.६, बीपी १२४/८०, हिमोग्लोबिन ११.६. बीएमआय अजून २९.६ आहे, म्हणजे आपल्या मापानं ती अजून लठ्ठच धरली जाईल, हे लपवण्यात अर्थ नाही. पण बीपी आणि शुगरसाठी वजनाचे पाच-दहा टक्के उतरले तरी फरक पडतो म्हणतात, इथं साडेचौदा टक्के उतरले. केस गळाले नाहीत, चक्कर नाही, जिना उतरताना कठड्याला हात लागत नाही.

दादाचं वजन चार किलो कमी झालं, त्यानं काहीही केलं नाही, नुसतं घरी जेवला. तो मात्र सगळ्यांना सांगतो की शेतात चकरा वाढल्या म्हणून. २०२५ च्या मेमधे माहेरच्या लग्नाच्या पंधरा दिवसांत वहिनीचं पावणेदोन किलो परत चढलं, त्यातलं सव्वा उतरायला दीड महिना लागला. पावडर देणारी ती भिशीतली बाई आता सकाळी तिच्यासोबत चालायला येते, ती पण साडीवर बूट घालून, आणि पावडरचा विषय दोघी काढत नाहीत.

डब्याचं सांगायचं राहिलं. मागचा डबा ८३ दिवस पुरला, माणशी ३६ ग्रॅम. ३० वर यायचं तर शंभर दिवस पुरायला पाहिजे. नव्या डब्यावर पुतणीनं तारीख टाकलीय आणि खाली लिहिलंय "दिवाळीचं तळण धरून", त्यावर आईनं विचारलं, अनारसे पण यातच का?